बंद करू नये

मी एक प्रोग्रॅम बोलतोय. कोपऱ्यातल्या टेबलाखाली जो धूळ खाल्लेला कॉम्प्युटर आहे ना, ज्यावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी डकवली आहे, त्यात माझं बिऱ्हाड. दमलोय हो मी. पण आता बोललो नाही, तर बोलायचं राहूनच जाईल.

एका संशोधक विद्यार्थ्याने मला लिहिलं. माझं काम एकच. आजारी माणसाच्या रक्तातून मशीन त्याच्या जनुकांची अक्षरं वाचून देतं. ती मी संदर्भाच्या प्रतीशी, म्हणजे निरोगी जनुकांच्या पोथीशी, ताडून पाहतो आणि कुठलं अक्षर चुकलंय ते सांगतो. विद्यार्थ्याला पदवी मिळाली आणि तो गेला. पुन्हा काही फिरकला नाही.

या प्रयोगशाळेत मला बसवायला इथल्या तंत्रज्ञाला, म्हणजे सगळ्यांच्या दादाला, नऊ दिवस लागले. मी एकटा कुठे नांदत नाही. मला सोबतीला चार दुसरे प्रोग्रॅम लागतात, तेही जुनेच. एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसून बसायचा. दहाव्या दिवशी मी चाललो, तेव्हा पुन्हा याला हात लावणार नाही असा दादाने कानाला खडा लावला. चिठ्ठी त्या दिवसाची.

मी पडलो बोलका. प्रत्येक फेरीला पडदाभर इशारे लिहायचो. हे जुनं झालंय, ते बदला. "किती कटकट करतो हा," दादा म्हणाला आणि मला सुरू करायच्या आज्ञेत एक शब्द वाढवून त्याने माझे इशारे बंद केले. त्याला तरी काय बोलू? शंभर इशाऱ्यांतले नव्व्याण्णव बिनकामाचेच असायचे.

पुढे संदर्भाची नवी आवृत्ती निघाली. नमुने नव्या आवृत्तीप्रमाणे येऊ लागले, माझ्याजवळ मात्र जुनीच प्रत. पानांचे आकडे सरकले होते. 'प्रती जुळत नाहीत,' मी दर वेळी म्हणायचो. ऐकणार कोण? मी भलत्याच पानावर शोधायचो आणि अहवाल निघायचा, काही आढळलं नाही.

असा एक अहवाल चार वर्षांच्या मुलीचा होता. तिच्या पायांतली ताकद कमी होत चालली होती. दोन वर्षांत तिची आई चारदा आली. दारातूनच विचारायची, "काही कळलं का हो?" पहिल्यांदा मुलगी आपल्या पायांनी आली होती, चौथ्यांदा आईच्या कडेवर. दादा सांगायचा, "नाही हो ताई, काही सापडत नाही." मला फार लाज वाटायची.

गेल्या महिन्यात एक नवी संशोधक आली. तिने मला नव्या कॉम्प्युटरवर बसवायला घेतलं.

"मॅडम, चालतंय ना? मग कशाला हात लावता?" दादा म्हणाला. "माझे नऊ दिवस गेलेत त्यात."

तिचे अकरा गेले. पण मला गप्प करणारा तो शब्द तिला माहीतच नव्हता. त्यामुळे तिथला मी पहिल्याच फेरीत बोललो आणि तिने वाचलं.

"दादा, प्रती जुळत नाहीत म्हणतोय हा. कधीपासून?"

दादा खुर्चीत बसला. "त्याला मीच गप्प केलं होतं," तो म्हणाला.

योग्य प्रत लावून तिने त्या मुलीचा नमुना पुन्हा चालवला. चाळीस मिनिटांत चुकलेलं अक्षर सापडलं. आजारावर औषध आहे, रोज एक गोळी. गेलेली ताकद किती परत येईल, ते मात्र डॉक्टरांना सांगता येईना. आई आली तेव्हा दादाने स्वतः सगळं सांगितलं, चूक कुणाची तेही. ती ओरडली नाही.

"आम्ही पहिल्यांदा आलो ना, तेव्हा ती पळायची," एवढंच म्हणाली.

'काही आढळलं नाही' असे एकशे त्रेचाळीस अहवाल कपाटात निघाले. नवा कॉम्प्युटर नव्या नमुन्यांत गुंतलेला, म्हणून ते पुन्हा तपासायचं काम माझ्याकडे आलं. दादाने मला नवी प्रत दिली आणि तो शब्द खोडला. आता तो समोर बसून माझी एकेक ओळ बोट ठेवून वाचतो, बिनकामाचीसुद्धा.

सत्तावन्न झाले, शहाऐंशी उरलेत. पंखा घरघरतोय, अंग तापलंय. हे संपलं की माझी वायर काढणार आहेत. काढा, माझी काही तक्रार नाही. तोवर ती चिठ्ठी तेवढी राहू द्या. अठ्ठावन्नावा नमुना लावलाय, आणि दादा वाचतोय.