सहा पटाश्या

पटाशीचं टोक खाचेवर टेकवून मिस्त्रींनी लाकडी हातोड्याचा ठोका दिला. ढलपी सुटली नाही. दुसऱ्या ठोक्याला लाकडाची कड नुसती चुरगळली. त्यांनी पटाशी खाली ठेवली, दम खाल्ला आणि उशिरा कामावर आलेल्या गड्याकडं पाहावं तसं स्वतःच्या उजव्या दंडाकडं पाहिलं.

"चार महिने आराम काय दिला, मातलास होय रे," ते दंडाला म्हणाले.

चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाची एक झडप बदलली होती. नवी झडप धातूची. शांत खोलीत जवळ बसलं तर तिची टिकटिक ऐकू यायची. ती अडू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी, रोज रात्री आठ वाजता, जन्मभर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काम करा, हरकत नाही. पण जखम सांभाळा, रक्त थांबायला वेळ लागेल.

मिस्त्रींनी यातलं "काम करा" तेवढं ऐकलं आणि त्यांच्या बायकोनं उरलेलं सगळं. तिनं त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपायला सुरुवात केली. वस्तरा गेला, दाढीचं मशीन आलं. दात घासायला लहान मुलांचा मऊ ब्रश आला. पालेभाजी रोज एकच वाटी, कमी नाही की जास्त नाही, कारण तिच्यानं म्हणे गोळीचा हिशेब बिघडतो. एवढ्यावर भागलं नाही. मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं केलेल्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना तिनं चिंध्या बांधल्या. ते टेबल बघून मिस्त्रींना दुखावल्यासारखं व्हायचं.

आज पहिल्यांदा त्यांनी काम हातात घेतलं होतं, तेही तिचंच. ओट्यापाशी उभं राहून तिचे गुडघे धरतात, म्हणून एक उंच स्टूल. कबूल करून दोन वर्षं झाली होती. साऱ्या गल्लीची दारं बसवणाऱ्याच्या घरात टेकायला स्टूल नाही, असं ती आल्यागेल्याला हसत हसत सांगायची.

हे एवढंसं कामही जमू नये? पस्तीस वर्षं ज्या हातांवर घर चाललं, ते हात त्या ऑपरेशनच्या टेबलावरच राहिले की काय? मिस्त्रींनी दात आवळले, डाव्या हातानं लाकूड दाबून धरलं आणि सगळा जोर लावून पटाशी रेटली.

ती लाकडात शिरली नाही, घसरली. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी चांगली बोटभर चीर गेली.

"अगं," त्यांनी हाक मारली. आवाज मुद्दाम साधा ठेवला होता. पण ती धावतच आली.

तिनं स्वच्छ कापड घडी करून जखमेवर दाबलं, त्यांचा हात वर धरला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कापड लाल झालं की ती त्यावर दुसरं दाबायची. तिचं डोकं त्यांच्या छातीशी आलं होतं. आतली टिकटिक आज घड्याळाच्या पुढं धावत होती, आणि ती ऐकून तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता. पंचवीस मिनिटांनी रक्त थांबलं.

"पुरे झालं," पट्टी बांधून झाल्यावर ती म्हणाली. "ती हत्यारं देऊन टाका कुणाला तरी."

"एवढं काय झालंय?"

"तुम्हाला नाही काही होत. इथं माझा जीव टांगणीला लागलाय चार महिने." आणि मग हळूच, "हातात पूर्वीचा जोर नाही राहिला. मान्य करा की. सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही तुमचा."

ती आत गेली. मिस्त्रींनी खाली पडलेली पटाशी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. पात्याच्या कडेवर पांढरी रेघ चमकत होती. धारेवर उजेड कधी थांबत नाही. थांबला, तर ती धार नव्हे.

हे कसं शक्य आहे? दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी सहाच्या सहा पटाश्या निसण्यावर, धार लावायच्या दगडावर, घासून, तेल लावून कापडात गुंडाळल्या होत्या. प्रत्येकीची धार मनगटाच्या वर, हातावर फिरवून पाहिली होती. केस अलगद निघाले तर धार लागली, ही त्यांची जन्माची परीक्षा. तिच्यापायी डाव्या हातावर एक तळहाताएवढा तुकडा कायम गुळगुळीत असायचा. आता तिथं केस उगवले होते. स्वतः लावलेली धार पुन्हा कशाला तपासायची, म्हणून आज त्यांनी बघितलं नव्हतं, आणि चालेना म्हटल्यावर दोष सरळ दंडाला दिला होता.

त्यांनी बाकीच्या पाचही उघडल्या. पाचही बोथट.

मागच्या दारी धुणं धुवायचा दगड होता. त्याच्या कडेवर शेजारी शेजारी सहा करडे ओरखडे होते.

आधी त्यांना आनंद झाला. हात गेले नव्हते! दंडाची माफी मागावी असं वाटलं. मग रागाची तिडीक उठली, थेट टाळूपर्यंत. आणि मग डोळ्यांसमोर ती आली. गुडघे धरत त्या दगडापाशी बसलेली, एकेक पटाशी घासणारी. त्यांना कापू नये म्हणून.

एक वाक्य बोललं की काम परत मिळणार होतं. पण त्या वाक्यानं आजचं सगळं रक्त तिच्या हातावर जाणार होतं, आणि ती ते मरेपर्यंत धूत बसली असती. मिस्त्री आत आले.

"देऊन टाकू," ते म्हणाले. "महिनाअखेरीला बघू कुणाला द्यायचं ते."

दुसऱ्या दिवशी रक्ततपासणी होती. दवाखान्यातल्या बाकावर नेहमीची मंडळी बसलेली. सगळे याच गोळीचे. एकमेकांची नावं माहीत नसली तरी रक्त किती पातळ, याचे एकमेकांचे आकडे तोंडपाठ. त्यांत एका शाळेतल्या बाई तेवढ्या नव्या होत्या. "साधा धक्का लागला तरी काळंनिळं होतं हो," असं म्हणत दंडावरचा डाग दाखवत होत्या. शेजारी अकरा वर्षं गोळी घेणारे म्हातारे आचारी होते. त्यांनी मिस्त्रींच्या पट्टीकडं बघितलं.

"पटाशी का?"

"हं. घसरली."

"म्हणजे बोथट असणार," आचारी म्हणाले. "मला पण आधी घरच्यांनी बोथट सुरी दिली होती, जपायचं म्हणून. महिन्यात तीनदा कापून घेतलं. सुरीला धार असली की ती कांदा कापते. नसली की जोर करावा लागतो, आणि मग ती आपल्याला कापते. काय मिस्त्री, खोटं आहे का?"

मिस्त्री खोकले. "नाही, म्हणजे... तसं काही नाही. माझंच लक्ष नव्हतं."

शेजारी बायको पिशवीतून जुने कागद काढत होती. तिचा हात पिशवीतच राहिला. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. आकडा तीन आला, हवा तसाच. घरी आल्यावर मिस्त्री जरा आडवे झाले.

दुपारी ते जागे झाले तेव्हा ती मागच्या दारी बसली होती. पुढ्यात पाण्याचं घमेलं, निसणा, आणि कापडावर मांडलेल्या सहा पटाश्या. डोळे सुजलेले होते.

"कशी घासायची?" तिनं विचारलं. "तुमचा एक हात बांधलाय. मला सांगा, मी करते."

ते शेजारी टेकले. "पाठ वर. एवढीच तिरकी. हां, आता पुढं ढकल. दाबू नको."

ती घासत राहिली. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाली, "मला वाटलं, धार नसली म्हणजे..."

"पाणी घाल," मिस्त्री म्हणाले. "दगड कोरडा पडतोय."

तिनं पाणी घातलं. बऱ्याच वेळानं त्यांनी पटाशी उजेडात धरली. कडेवरची पांढरी रेघ गेली होती. सवयीनं त्यांनी पट्टी बांधलेला डावा हात पुढं केला आणि दातांनी बाही वर ओढली.

तिनं तो हात धरून बाजूला सारला. स्वतःची बाही कोपरापर्यंत सरकवली आणि आपला हात त्यांच्या मांडीवर ठेवला.

"इथं बघा," ती म्हणाली.

त्यांनी पातं तिच्या हातावरून अलगद फिरवलं. चार बारीक केस पात्यावर आले.

"लागली?"

"लागली."

"मग दुसरी द्या," ती म्हणाली. बाही तिनं खाली केली नाही.