त्रेचाळिसावा अंगठा

"गेट उघड, सुहास."

"काकी, गेट माजं नाय. सोलर कंपनीचं हाय."

"मंग सडा कोणाचा?"

सुहासने डोक्यावरची कंपनीची पिवळी टोपी काढून घाम पुसला. दसरा नुकताच झाला होता. सड्यावर, वाडीच्या डोक्यावरच्या कातळाच्या पठारावर, गवत वरून पिवळं, बुडाशी हिरवं, म्हणजे गुरांना सगळ्यात गोड लागतं तसं झालं होतं. सुंदराबाईच्या मागे चार गुरं उभी होती. त्यांना तार काय ते ठाऊक नव्हतं. पाडीने तारेच्या भोकातून तोंड घालून पलीकडचं गवत ओढायचा प्रयत्न केला आणि नाकाला काटा लागल्यावर मागे झाली.

"काकी, मोर्च्यात तूच बोलायचीस ना? 'अणू नको, सूर्य हवा.' सगळ्यात मोठा आवाज तुजा. घे, आणला सूर्य. आता वराडतेस कशाला?"

"सूर्य तू आणलास? मेल्या, तो रोज येतो. तू तार आणलीस."

गेटवरचा पहारेकरी परमुलखातला होता. त्याला शब्द कळले नसावेत, पण तो हसला. सुंदराबाईने गुरं वळवली.

(आधीचं)

तेरा वर्षांपूर्वी अणुभट्टीचे सर्वेवाले आले, तेव्हा सुहास अठ्ठावीस वर्षांचा होता. मुंबईची नोकरी सोडून तो वाडीत परत आला आणि देवळाच्या सभामंडपात फळा लावून त्याने आम्हाला शिकवलं. म्हणाला, अणूच्या भट्टीतलं वापरलेलं इंधन म्हणजे चुलीतली राख नव्हे. राखेने आपण भांडी घासतो, ती माडाच्या आळ्यात टाकतो. ही राख हजारो वर्षं निवत नाही, आणि ती कायमची ठेवायची कुठे याचं उत्तर अजून कोणाला धड सापडलेलं नाही. समुद्राचं पाणी आत घेणार, तापवून परत सोडणार. मासा गार पाण्याकडे निघून जाईल, पण बंदरातली माणसं कुठे जातील? जपानात गावंच्या गावं चुलीवरचं भांडं चुलीवर टाकून निघाली. आपल्या घाटात एक दरड आली तर एसटी तीन दिवस बंद. आपण निघायचं कुठून?

"मंग वीज नको काय?" कोणीतरी विचारलं.

"हवी. कौलावर ऊन हाय, सड्यावर वारा हाय, खालच्या पऱ्याला चार महिने वाहतं पाणी हाय, गोठ्यात शेण हाय. वाडीची वीज वाडीत करायची. कोणाचं घर उठवायला नको."

तो खोटं बोलत नव्हता. आजही त्यातलं काही खोटं ठरलेलं नाही. तेच जास्त लागतं.

पोलीस त्याला शोधत आले तेव्हा सुंदराबाईने त्याला पेंढ्याच्या उडवीत लपवलं आणि स्वतः गाडीत जाऊन बसली. आठ दिवस रत्नागिरीच्या जेलात काढून आली. तेव्हापासून गावकीच्या बैठकीत तिला बोलायला मिळू लागलं. आमच्या वाडीत बाईमाणूस गावकीत बोललं ते पहिल्यांदाच.

मग कोर्टाचं निघालं. सडा सामाईक. निम्मी नावं मुंबईत. दर तारखेला सगळ्यांनी कसं यायचं? वकील म्हणाला, एकाला मुखत्यार करा. सुंदराबाई घरोघर फिरली. गणपतीला चाकरमानी आले तेव्हा दोन टेम्पो करून सगळे रजिस्ट्रारच्या कचेरीत गेले. टेम्पोत गाणी म्हटली. कागद वाचायचं कोणाच्या मनात आलं नाही. सुहासच्या नावाचा कागद कोण वाचतो?

बेचाळीस अंगठे झाले. सातबाऱ्यावर नावं त्रेचाळीस आहेत. ते पुढे सांगू.

प्रकल्प रद्द झाला असं आम्हाला कोणी कळवलं नाही. सर्वेवाले यायचे बंद झाले, एवढंच. आम्ही त्याला विजय म्हटलं आणि देवळात पेढे वाटले.

(कागद)

सुंदराबाईची सून दर्शना तालुक्याला दाखले काढायच्या दुकानात कामाला आहे. तिने त्या कागदाची नक्कल आणली आणि पडवीत बसून वाचली.

"...सदर मिळकतीबाबत कोर्टकामी हजर राहणे, अर्ज देणे, वकील नेमणे..."

"बरोबर. ह्येच तर बोललेलाव," सुंदराबाई म्हणाली.

"...तसेच सदर मिळकत योग्य वाटेल त्यास, योग्य वाटेल त्या मुदतीने भाडेपट्ट्याने देणे, आणि त्याकामी आमची वेगळी संमती घेण्याची गरज राहणार नाही."

सुंदराबाईने तिला तेच परत वाचायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"कधी लिवलान गो ह्ये?"

"आत्ये, तेव्हाच. टेम्पोत बसायच्या आधीच लिवलेला हाय."

सुंदराबाई बराच वेळ पायाचा अंगठा पडवीच्या सारवणावर घासत राहिली. सारवण उकललं, खाली माती दिसली.

(वाडी)

– तुज्या तोंडाकडं बगून अंगठा दिला मी, सुंदरे. सुहासच्या नाय.

– घरोघर कोण फिरलं? तूच ना?

– कुंपण शेत खातं ह्ये ऐकलं व्हतं. ह्या कुंपणाला तर आमीच पाणी घातलं.

– आता म्हनं मुखत्यार रद्द करायचा कागद घेऊन फिरतेस. परत कागद? दुधानं तोंड पोळलंय बाय, आता ताकाला बी हात लावत नाय.

– ती वीज आपल्याला तरी हाय काय?

– आपल्याला? तार आपल्या डोक्यावरनं जानार. आपन खाली बसून कंदील पुसायचा.

– काकी, तू जा घरी. चाय नंतर पिऊ.

(वकील)

रत्नागिरीचा नवा वकील तरुण होता. त्याने बोटाने नावं मोजली, मग परत मोजली.

"सातबाऱ्यावर त्रेचाळीस. मुखत्यारपत्रावर बेचाळीस. हे धोंडू कोण?"

सुंदराबाईने पदर तोंडाला लावला.

"आहेत का हयात?"

"हायत."

"मग त्यांच्याकडे जा. जमीन न वाटलेली आहे, आणि त्यांनी कोणाला अधिकार दिलेला नाही. त्यांनी हरकत घेतली तर आपल्याला उभं राहायला जागा आहे. काम थांबवता येईल. दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही."

(जे आम्ही पुढे ढकलत होतो ते)

धोंडू हा सुंदराबाईचा चुलत दीर. त्या वेळी तो टेम्पोत चढला नाही. "मी बापसाला बी अंगठा दिला नाय," म्हणाला. बस, एवढंच त्याचं कारण. अणू त्यालाही नको होता. प्रत्येक मोर्च्याला तो यायचा, सगळ्यांच्या मागे, एकटा चालायचा. पण आम्ही ठरवलं की जो कागदावर नाही तो प्रकल्पवाल्यांचा.

त्या शिमग्याला धोंडूने अंगण सारवून ठेवलं होतं. रांगोळी काढली होती. नारळ घेऊन तो खळ्याच्या तोंडाशी उभा होता. पालखी आली, ढोल वाजत आले, आणि दारावरून पुढे गेले. गावकीत ठरलं होतं तसं. "फितुराच्या अंगणात देव नाचनार नाय." हे वाक्य सुंदराबाईचं. आम्ही माना डोलवल्या होत्या.

एका वर्षासाठी ठरलं होतं. पुढच्या वर्षी कोणी विषय काढला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. त्याच्याकडे भाताच्या लावणीला कोणी गेलं नाही. त्याची बायको गेली तेव्हा खांदा द्यायला पलीकडच्या वाडीतली चौघं आली.

(अंगण)

सुंदराबाई गेली ती भर दुपारी, सगळ्यांना दिसेल अशी. आम्ही मागोमाग त्याच्या अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो.

धोंडू एकटा भात झोडत होता. झोडणी खरं तर चार माणसांचं काम. त्याने एक पेंढी लाकडी बाजेवर आपटली, झटकली, बाजूला ठेवली.

"भावजी."

"बारा वर्सांनी वाट गावली व्हय, वयनी?"

"चुकले मी."

"येकटीच?"

"सगळीच चुकलाव. पण बोलले मी. तुमाला फितूर मी बोलले."

धोंडूने दुसरी पेंढी उचलली. सुंदराबाईने त्याला सगळं सांगितलं. कागदातली ओळ सांगितली, तार सांगितली, वकील सांगितला. बोलता बोलता तिचा आवाज पुन्हा मोर्च्यातल्यासारखा चढला.

"तुमचा येक अंगठा नाय त्या कागदावर, भावजी. तुमी हरकत घ्या. सडा वाचंल. ह्या शिमग्याला पालखी पयली तुमच्या अंगणात. मी सोता सांगन गावकीत. नाय ऐकलं तर पालखीच्या आडवी पडंन."

धोंडूच्या हातातली पेंढी खाली आली. तो जोत्यावर टेकला.

"उशीर झाला, वयनी."

"म्हंजे?"

"गेल्या शिमग्याला पालखी नेहमीसारकी दारावरनं गेली. दुसऱ्या दिवशी सुहास आला. हितंच बसला, मी बसलोय तितं. पानी मागितलान. दोन तांबे प्यायला. मी चाय केली, ती बी प्यायला. माज्या हातची. दोन तास बसला, भाताचं इचारलान, हिच्या आजारपनाचं इचारलान. मंग कागद काढलान."

"आनि तुमी न वाचता..."

"वाचून दाखवलान. सगळा. काय बी लपवलान नाय. सडा जातोय ह्ये मला चांगलं कळत व्हतं."

"बापसाला नाय दिलात," सुंदराबाई म्हणाली, "आनि त्याला दिलात?"

"बापूस माज्यासंगं जेवत व्हता, वयनी. त्याला नाय म्हनता येत व्हतं."

तो उठला आणि पुन्हा झोडायला लागला. वर सड्यावर खांबांची भोकं पाडणारं मशीन जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू झालं. कातळाची धडधड आमच्या पायांखाली येत होती.

सुंदराबाईने पदर कमरेला खोचला. भाऱ्यातली एक पेंढी काढली आणि त्याच्या समोर उभी राहून बाजेवर आपटली. धोंडू तिला ये म्हणाला नाही. जा असंही म्हणाला नाही.

गडग्याजवळ दर्शनाने हळूच विचारलं, "आपनसुदा जाऊया काय?"

कोणीतरी म्हणालं, "आदी तू जा."