मोटारीची बाई

दादाभाऊ पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत होता, तेवढ्यात दारातून तात्यांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, आवाज दिला.

"ती काळी चिकटपट्टी कुटं ठिवली रं?"

"कशाला?"

"हिरीतल्या केबलचा जॉइंट सुटत आलाय. काल मोटार लई धापा टाकीत व्हती. नवा मारून घेतो."

"आजच? आज कार्यक्रम हाय, तात्या."

"तुमचा हाय. माझा पोरगा गेला, त्याच्या नावानं नारळ घ्यायला मी न्हाई यायचा."

दादाभाऊनं इस्त्री उभी करून ठेवली. या विषयावर म्हाताऱ्याशी बोलणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं होतं, हे तो दोन वर्षांत शिकला होता.

"बरं, नका येऊ. पर फ्यूज काढा आधी."

"रातपाळीचा आठवडा हाय. दिवसा कुटली आलीया लाईन? चार वाजता तुमचा सायेब बटन दाबनार, तवर तार मेलेलीच."

तेही खरंच होतं. दादाभाऊची धाकटी भावजय प्रतिभा आतून पट्टी घेऊन आली. तात्यांनी ती बंडीच्या खिशात कोंबली आणि ते उसाच्या बांधानं निघून गेले.

वारूळवाडीच्या शेतांना एक आठवडा दिवसा वीज मिळे, एक आठवडा रात्री. कागदावर ठरवणाऱ्याला दोन्ही आठवडे सारखेच दिसत असणार, त्याला काय उसात शिरायचं नव्हतं. दोन वर्षांमागे अशाच रातपाळीत दादाभाऊचा धाकटा भाऊ अमृत मोटार चालू करायला गेला आणि बिबट्यानं त्याला विहिरीच्या वाटेवरच धरलं. सकाळी जे सापडलं ते प्रतिभाला कोणी पाहू दिलं नाही.

त्या दिवसापासून दादाभाऊला एकच ध्यास लागला, शेतीला दिवसा वीज. त्यानं मोर्चे काढले, नारायणगावात हमरस्त्यावर बैठक मारली, पोलिसांच्या गाडीत बसला. दिवसा वीज देणारी सरकारची सौर योजना आली तेव्हा गायरानाची जागा द्यायला त्यानंच गाव राजी केलं. शेळ्या-मेंढ्यावाल्यांनी त्याला तोंडावर शिव्या घातल्या. त्यानं त्या ऐकून घेतल्या. अमृतचा जीव फुकट गेला नाही, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं त्याला. त्यासाठी तो याहून वाईटही ऐकून घ्यायला तयार होता.

मधल्या काळात रात्री कोणी शेतात जायला नको म्हणून त्यानं मोटारीला मोबाईलचा ऑटो बसवला होता. लाईन आली की मोटार आपोआप चालू व्हायची आणि दादाभाऊच्या फोनवर एक बाई मधाळ आवाजात तशी वर्दी द्यायची. घरात तिला मोटारीची बाई म्हणत. दादाभाऊच्या बायकोचं म्हणणं, नवऱ्याला अपरात्री उठवण्याचा मान आता हिलाच. सगळे हसायचे. प्रतिभा तेवढी हसायची नाही.

"ही बाई आधी का न्हाई आली, दादा?" तिनं एकदा ताट वाढता वाढता विचारलं होतं.

आता तो सदरा अंगात घालत होता, तोच सावळेरामचा फोन आला. सावळेराम त्याचा मोर्चातला जोडीदार, मांडवाची व्यवस्था त्याच्याकडे होती.

"भाऊ, निघा लगीच! सायबांला दुपारनं दुसरीकडं जायचंय. कार्यक्रम अकरालाच घ्यायचा म्हनत्यात. पाच मिन्टांत गाडी येतीया."

घरात एकच धांदल उडाली. बायकांना साड्या नीट नेसायलाही सवड मिळाली नाही. प्रतिभानं गाडीत बसूनच केसांना पिना लावल्या. दादाभाऊच्या सदऱ्याचं एक बटण खालीवर लागलं होतं, ते मांडवात पोचल्यावर कोणीतरी नीट केलं.

व्यासपीठावर चढण्याआधी त्यानं तात्यांना फोन लावला. रिंग पूर्ण गेली. विहिरीत उतरताना तात्या बंडी काढून बाभळीला अडकवत, फोन तिच्या खिशात. उचलणार कसे? दादाभाऊला मनापासून वाईट वाटलं. कितीही आडमुठेपणा केला तरी आज म्हातारा समोर बसलेला हवा होता. पण तेवढ्यात त्याच्या डोक्याला फेटा गुंडाळायला सुरुवात झाली, आणि फेटा बांधणाऱ्यानं मान हलवू नका म्हणून दम दिला.

मागे गायरानावर काचेच्या पाट्या उन्हात रांगेनं उभ्या होत्या. उद्घाटनाला आलेले साहेब चांगले बोलले. ऊर्जा म्हणजे विकास, ऊर्जा म्हणजे समाजाचा श्वास, असं बरंच काही. मग त्यांनी प्रतिभाला पुढे बोलावून साडी आणि नारळ दिला. तिनं तो पदरात घेतला, फोटो होईपर्यंत थांबली आणि परत पहिल्या रांगेत जाऊन बसली.

"बटण मात्र मी दाबणार नाही," साहेब म्हणाले. "हा मान दादाभाऊंचा."

दादाभाऊ पुढे झाला. त्यानं भाषण पाठ केलं होतं, पण माईक हातात आल्यावर त्यातलं अक्षरही आठवेना.

"माझा भाऊ..." तो म्हणाला. "माझ्या भावाला अंधारात जावं लागलं. आता कुनाला लागनार न्हाई."

त्यानं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. मांडव टाळ्यांनी भरून गेला, सावळेरामनं शिट्टी मारली. दादाभाऊचे डोळे वाहत होते आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती. दोन वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं कोणी उचलून बाजूला ठेवावं, असं झालं होतं त्याला.

थोड्याच वेळात त्याच्या खिशातला फोन वाजला. नंबर बघून तो ओल्या डोळ्यांनीच हसला.

"ऐका! आमची मोटारीची बाई हाय. दिवसाउजेडी पहिल्यांदाच बोलतीया रातपाळीच्या आठवड्यात!"

त्यानं फोनचा आवाज मोठा केला आणि माईकला लावला.

"नमस्कार. आपली मोटार चालू झाली आहे. बंद करण्यासाठी शून्य दाबा."

लोक खो खो हसले. साहेबही हसले. पुन्हा टाळ्या सुरू झाल्या.

पहिल्या रांगेत प्रतिभा उभी राहिली. पदरातला नारळ खाली पडून व्यासपीठाखाली गडगडत गेला. ती ओरडत होती, पण टाळ्यांपुढे तिचा आवाज पोचत नव्हता. दादाभाऊला नुसते तिचे ओठ दिसले. दोनदा दिसले तेव्हा शब्द कळला. तात्या.

त्यानं फोनवर शून्य दाबलं, बोट घसरलं, पुन्हा दाबलं. प्रतिभा खुर्च्या ढकलत वाट काढत मांडवाबाहेर पडत होती, बायका तिच्याकडे वळून बघत होत्या. माईक अजून फोनलाच लागलेला होता.

"आपली मोटार बंद झाली आहे. धन्यवाद."

बंद करूनही दाखवलं म्हणून लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.