भट्टीघराचे दार

बंदरात जहाजे येईनाशी झाली, तेव्हा त्या नगराने आपला इतिहास विकायला काढला. गोदामे रंगवून त्यांत जुनी चित्रे टांगली गेली, जकातघराच्या पायऱ्यांवर फुलांच्या कुंड्या आल्या आणि कोणत्याही शत्रूवर कधी न उडालेल्या तोफांपाशी फोटो काढून घेण्यासाठी रांगा लागू लागल्या. दीपस्तंभ चढायला वेगळे तिकीट होते. परंतु पाहुण्यांचे डोळे हमखास पाणावत, ते धक्क्यावरच्या सारंगाच्या अर्धपुतळ्यापाशी. फार वर्षांपूर्वी त्याची प्रवासी बोट वादळात बंदराच्या तोंडाशी बुडाली, पण उतारू सगळे वाचले. भट्टीघरातले तिघे आगवाले वर यायची वाट मोकळी असतानाही शेवटपर्यंत कोळसा टाकत राहिले, म्हणूनच बोट उथळ पाण्यापर्यंत पोचली, असे स्वतः सारंगाने सांगितले होते. तो वारल्यावर तेच शब्द पुतळ्याखाली कोरले गेले.

त्या तिघांतला एक सुताराचा थोरला भाऊ होता. सुतार तेव्हा पाटी घेऊन शाळेत जायच्या वयाचा होता. आता त्याचेच केस पिकले होते.

मोठ्या सहलीच्या जहाजांसाठी खाडीतला गाळ उपसताना ती बोट सापडली. तिला धक्क्यावर बसवून तिचे संग्रहालय करायचे ठरले आणि भट्टीघराचे दार दुरुस्तीसाठी सुताराकडे आले. दार जाड सागवानाचे होते आणि बाहेरच्या अंगाला त्यावर लोखंडी पत्रा ठोकलेला होता. गाळात राहून लाकूड काळे पडले होते, पण कुजले नव्हते. पाहुणे आत उभे राहून हात लावणार, तेव्हा आतली बाजू गुळगुळीत हवी, एवढेच संग्रहालयाच्या अधिकारी बाईंनी बजावले होते. सुताराने हे काम गड्याकडे दिले नाही. दादाचे दार होते ते.

आतल्या बाजूचा गाळ खरवडल्यावर कडेजवळ, छातीच्या उंचीवर, खोल चरे दिसले. कुठे टवके उडाले होते, तर कुठे बारीक रेघांची दाटी होती. गाळ उपसणाऱ्या यंत्राचे दात लागले असतील, असा त्याने तर्क केला. लाकडावरची जखम त्याला पाहवत नसे. त्याने रंध्याचे पाते पाजळले आणि दुपारभर मन लावून तो भाग असा घोटला की बोट फिरवले तर अडू नये. निघालेला भुसा आणि ढलप्या त्याने नेहमीच्या सवयीने लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्याखालच्या चुलीत सारल्या.

मग त्याने दार उलटे केले. पत्र्याच्या कडेला गंजाचा आणि मातीचा एक गोळा चिकटलेला होता. हातोडीने हलकेच ठोकताच त्याचे कवच गळले आणि आतून अडसर निघाला. अडसर पुरता सरकवलेला होता, त्याच्या टोकाला बोटीतून दार काढताना चौकटीतून उपटून आलेला कोयंडा अजून अडकून होता, आणि मधोमध तो बाहेरच्या दिशेने वाकलेला होता. आतून कुणीतरी दार रेटल्यावर वाकावा, तसा. सुताराने तो मोकळा करायला दुसरा टोला घातला, आणि इतकी वर्षे गाळात मुरलेले लोखंड पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटून जमिनीवर पडले.

बंद दाराच्या आतल्या बाजूला यंत्राचे दात पोचणार कसे, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला. ते टवके फावड्यांचे होते. त्या बारीक रेघा कशाच्या असतील, याचा विचार त्याने होईल तितका टाळला. चुलीत वाकून पाहिले, तर राख उरली होती. भांड्यातला सरस मात्र छान पातळ झाला होता.

अधिकारी बाईंनी त्याचे सगळे बोलणे मधे न बोलता ऐकून घेतले. बाहेरून अडसर प्रत्येक बोटीला असे, रात्री धक्क्याला लागल्यावर दारे लावून घ्यायला, हे त्यांनी आधी सांगितले. मग चष्मा काढून ठेवला.

“मिस्त्री, सरकवलेला अडसर तुम्ही एकट्याने पाहिलात. आता तोही नाही आणि चरेही नाहीत. तरी समजा, खरं आहे. दार लावलं म्हणून पाणी अडलं आणि बोट काठाला लागली, हेही खरंच असेल. मग फलकावर काय लिहू? तिघांना कोंडलं म्हणून बाकीचे जगले? तुम्ही म्हणत असाल तर लिहिते. पण उद्घाटनाला तुमच्या आई पहिल्या रांगेत असणार. त्यांना ते वाचून कोण दाखवणार?”

म्हातारीच्या गाठीशी पोराच्या शौर्याची एवढी एकच पुंजी, तीही का हिरावून घ्या, असा विचार करून सुताराने तोंडाला कुलूप घालायचे ठरवले.

घरी आई त्याच्या सदऱ्याला बटण लावायला बसली होती. तिला दिसत कमी असे, त्यामुळे सुईत दोरा ओवायला तिने त्याचीच वाट पाहिली होती. दार कसे झाले, असे तिने विचारले. चांगले झाले, असे तो म्हणाला. मग ती थोरल्याच्या आळशीपणाबद्दल बोलू लागली. पाण्याची बादली उचलायला चार हाका माराव्या लागत, पाचव्या हाकेला कूस बदलायचा. ती हसली, आणि हसता हसताच थांबली.

“एवढा अंग चोरणारा पोरगा तिथे उभा कसा राहिला रे? लोकांची पोरं घरी पोचवली त्याने. आपली आई घरी बसलीय, हे नाही आठवलं. वाट मोकळी होती म्हणतात. चार पावलं टाकायची होती.”

“आई, असं नसतं ते.”

“कसं असतं मग? लोक मला वीरमाता म्हणतात आणि मी मान हलवते. मनातून त्याला कधी माफ नाही केलं मी.”

सुताराने दोऱ्याचे टोक ओले करून सुईच्या नेढ्याशी नेले. बोलावे तर सगळेच बोलावे लागणार होते, रंध्यासकट. त्याने दोरा ओवून सुई तिच्या हाती दिली आणि तो अंगणात जाऊन बसला.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे भट्टीघरात दाटीवाटीने उभे राहिले. गाईड पूर्वी जकातीत कारकून होता. आवाज खणखणीत, आणि हकीकत तोंडपाठ. तिघांची नावे घेताना तो अंमळ थांबला, तेव्हा आईने आपल्या बारीक आवाजात विचारले, दार खरेच उघडे होते का?

“उघडंच होतं, आजी,” तो आदराने म्हणाला. “मनात आणलं असतं तर सहज वर आले असते.”

आईने मान हलवली. ती मान हलवणे सुताराला पाहवेना.

“आई, दार बंद होतं,” तो म्हणाला. “बाहेरून अडसर घातलेला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. दादा यायला धडपडत होता. फावड्याने दार फोडत होता तो.”

अधिकारी बाईंनी नजर खाली वळवली. गाईडने खिशातून रुमाल काढला आणि तसाच परत ठेवला. आई हळूहळू दारापाशी गेली, आणि तिने दोन्ही तळवे लाकडावर टेकले. कडेपाशी, छातीच्या उंचीवर, मग थोडे खाली, मग पुन्हा वर, दळण निवडावे तशा सावकाश बोटांनी तिने सगळे दार चाचपून पाहिले.

“इथे तर काहीच नाही रे.”

“मी रंधा मारला, आई. मला कळलं नाही.”

ती त्याच्याकडे वळली. मग तिने त्याचा हात शोधून हातात घेतला. लहानपणी तो खोटे बोलताना सापडला की ती असाच घेत असे.

“त्या दिवशी मी बोलून गेले, ते तुझ्या मनाला लागलं, होय ना? माझ्यासाठी गोष्टी रचू नकोस. तो थांबला. त्याला थांबायचं होतं.” तिने दारावरून एकदा उलटा हात फिरवला. “काम मात्र छान झालंय. कुठे म्हणून बोट अडत नाही.”

गाईडने घसा साफ केला, आणि पाहुणे दीपस्तंभाच्या वाटेला लागले.