गुंठ्याएवढा चौकोन

निरवांगीच्या फुलाबाईचा ऊस उपग्रहावरून बघायचा ठरला, तेव्हा सगळ्यात आधी बिथरला तो तिचा दीर अजित.

खरं तर बिथरण्यासारखं काही नव्हतं. बारामतीच्या एका शेती केंद्रानं इंदापूर भागातले काही प्लॉट निवडले होते. शेताचा रंगीत नकाशा दर आठवड्याला फोनवर यायचा होता. ऊस कुठं जोमात आहे, कुठं मागं पडलाय, ते त्यात दिसणार होतं. नवरा महिपती गेल्यापासून तीन एकर फुलाबाईच्या नावावर होते आणि मुलगी वरकुट्याला दिलेली होती. अजितचं रान बांधाला लागूनच, त्यामुळं दोन्हीकडचं पाणी, खत, ठिबक तोच बघायचा. असं असून फुलाबाईनं केंद्रात नाव दिलं ते त्याला न विचारता, आणि तिथंच त्याचं बिनसलं.

"वरनं आपल्या रानात डोकवायचं कारण काय त्यांना?" तो म्हणाला. "आज ऊस बघत्याल, उद्या हिरीचं पाणी मोजत्याल. फुकट कोण काय देतं का, वहिनी?"

हे तिला पटलं. फुकटच्या वस्तूला खोड असते, हे तिनं आयुष्यभर बघितलं होतं. त्या दिवसापासून तिला चैन पडेना. हौदावर धुणं धुताना, अंगणात केस वाळवताना एकदम मान वर जायची. वर एखादी घार, बाकी नुसतं पांढरं आभाळ. काही दिसलं असतं तर एवढं वाटलं नसतं. बघणारा दिसत नाही आणि बघतोय म्हणतात, म्हणून तर जीव धास्तावला होता.

मग नाव दिलेल्या बायांना केंद्रानं माहितीसाठी बारामतीला बोलावलं. अजित आधी जाऊ नका म्हणाला. निघायच्या दिवशी मात्र तिला एसटीत बसवून देताना खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "चाललाच हाय तर एक इचारा. त्यात माणूस दिसतो का? किती बारीक दिसतं?"

केंद्रातल्या राजलक्ष्मी मॅडम तरुण होत्या. फुलाबाईनं हात वर केला आणि मनातलं पहिलं विचारलं, "ते वर टांगलंय कशाला? पडत कसं न्हाय?"

"पडतंच आहे, ताई," मॅडम म्हणाल्या. "दगड आडवा फेकला की थोडं पुढं जाऊन खाली पडतो. आणखी जोरात फेकला की आणखी लांब पडतो. रॉकेट उपग्रहाला वर नेतं आणि इतक्या जोरात आडवं फेकतं, की तो पडत खाली यावा तेवढ्यात खालची पृथ्वीच गोल वळून गेलेली असते. म्हणून तो पडत राहतो आणि जमिनीला कधी लागत नाही. तेच त्याचं फिरणं. वर हवा जवळजवळ नाही, त्यामुळं अडवणारं कुणी नसतं."

"म्हंजी आमच्या रानावर एकजण बसवून ठिवलेला न्हाय?"

"नाही. तुमच्या घरावरची टीव्हीची छत्री ज्याच्याकडं तोंड करून असते, तो उपग्रह फार लांब आहे आणि पृथ्वीच्याच चालीनं फिरतो, म्हणून एका जागी थांबल्यासारखा वाटतो. आपला त्याच्या बराच खालून जातो, उत्तर-दक्षिण. तो फेऱ्या मारतो, खाली पृथ्वी आपली फिरत असते, त्यामुळं दर फेरीला नवा पट्टा त्याच्याखाली येतो. तुमचं रान काही दिवसांनी एकदा, सकाळच्याच वेळी. तेवढ्यात फोटो काढतो आणि रेडिओच्या लहरींनी खाली पाठवतो. वीज त्याला उन्हावर मिळते, आपल्या सोलर पंपासारखी."

ऊस चांगला की वाईट हे त्याला एवढ्या लांबून कसं कळतं, तेही त्यांनी सांगितलं. उन्हातला जो प्रकाश पान परत फेकतं, त्यातला काही आपल्या डोळ्याला दिसतच नाही. जोमातलं पान तो भरपूर फेकतं, विरळ किंवा सुकलेलं पीक कमी. यंत्र तेवढं मोजतं आणि त्याचा हिरवा-पिवळा रंग करतं.

शेवटी तिनं अजितचा प्रश्न विचारला. मॅडमनी पडद्यावर एक बारका चौकोन दाखवला. "हा त्याचा सगळ्यात लहान ठिपका. साधारण एक गुंठा. एका गुंठ्याला एक रंग. त्यात माणूस दिसत नाही, बैल दिसत नाही, घरसुद्धा नीट कळत नाही. आणि ढग आले की तेवढंही नाही."

फुलाबाई हलक्या मनानं परत आली. जेवताना तिनं अजितला सगळं सांगितलं. गुंठ्याचा चौकोन ऐकला तसा तो हसला. माणूस दिसत नाही, हे त्यानं तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

"आन् पावसाळ्यात?"

"ढग असलं की काहीच न्हाय."

"मग काय काळजी न्हाय," तो म्हणाला आणि बायकोला, प्रयागबाईला, आणखी एक भाकरी मागितली.

अंथरुणावर पडल्यावर फुलाबाईला वाटलं, हा तर विहिरीच्या पाण्याला भीत होता. पाण्याचं एक अक्षर त्यानं विचारलं नाही.

तिनं तो विचार झटकला. महिपती गेल्यावर याच दिरानं आपलं रान उभं ठेवलं, आणि आपण काय काय मनात आणतोय, असं तिलाच लाजल्यासारखं झालं. पण कुसळ कपड्यात शिरावं तसा तो विचार राहिला. अजित संध्याकाळचा तिच्या उसाकडं एकटाच जायचा. पाण्याची पाळी नसतानाही जायचा. हे आधीपासून होतं की आता दिसायला लागलं, तिला सांगता आलं नसतं.

पावसाळाभर फोनवरचा नकाशा पांढराच आला. दसऱ्यानंतर आभाळ निवळलं आणि पहिला स्वच्छ नकाशा आला. सगळं रान हिरवंगार, फक्त मधोमध तीन चौकोन पिवळे.

"ढगाची सावली असंल," अजित फोनकडं न बघताच म्हणाला.

पुढच्या वेळीही तेच तीन चौकोन. त्याच्या पुढच्या वेळीही. सावली काय दर वेळी त्याच जागी येऊन बसते? तिनं मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "तिथं ऊस विरळ आहे, एवढंच वरून कळतं. का, ते आत जाऊनच बघावं लागेल."

"डुकरं शिरली असत्याल," अजित म्हणाला. "आत जाऊ नगा, वहिनी. बिबट्या हाय म्हणत्यात तिकडं."

बिबट्याचं नाव गावात कुणी काढलं नव्हतं. अजित बाजाराला इंदापूरला गेला, त्या दुपारी फुलाबाईनं महिपतीचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा अंगात घातला, तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि ती सरीत शिरली. वर्षाचा ऊस डोक्याच्या वर गेलेला. पाती कापत होती, वाळलं पाचट पायाखाली करकरत होतं, आणि प्रत्येक आवाजाला ती थांबत होती. ठिबकची नळी धरून ती चालत राहिली. एका ठिकाणी त्या नळीला दुसरी, नवी, बारीक नळी जोडलेली दिसली. तसली नळी उसाला लागत नव्हती.

त्या नळीमागं गेल्यावर एकदम उजेड आला. तीनेक गुंठ्यांतला ऊस बुडातून काढून टाकला होता आणि तिथं उघड्या मातीत लांब लांब अंतरावर, ओळीनं पुरुषभर उंचीची झाडं होती, बोटांसारख्या चिरलेल्या पानांची. नाव सुचण्याआधी तिला वास ओळखू आला. लहानपणी माहेरच्या यात्रेत गोसाव्यांच्या चिलमींना यायचा, तो वास. गांजा होता.

ती तिथंच खाली बसली.

अजित परतला तेव्हा ती ओट्यावर होती, सदरा तसाच अंगात. त्यानं सदरा बघितला आणि गाडी बंद करायचं विसरला.

"भावजी, उसात काय लावलंय?"

"त्या बारामतीच्या बाईनं सांगितलं?"

"कुणी सांगितलं न्हाय. मी जाऊन आले."

त्यानं हात पुढं करून गाडी बंद केली. मग म्हणाला, "आठ दिस थांबा. काढून नेतो. तुमाला काय झळ लागायची न्हाय."

"सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

तो ओट्याकडं आला आणि पायरीशीच थांबला.

"तुमचं रान बांधाला लागून हाय, भावजी. तितं का न्हाय लावलं?"

"बाईमाणसाच्या रानावर कोण संशय घेतंय," तो पुटपुटला. तोंडातून गेल्यावर त्याला स्वतःलाच कळलं, आपण काय बोललो ते.

फुलाबाई उठली. तिनं चपला घातल्या आणि सरळ पोलीस पाटील विजयसिंहाच्या दारात गेली. अजित मागून हाका मारत होता, पण पाटलाच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. पळूनही गेला नाही. संध्याकाळी इंदापूरहून पोलिसांची माणसं आली, झाडं उपटली, पंचनामा झाला आणि त्याला घेऊन गेली. तिचाही जबाब झाला. पुन्हा पुन्हा तोच प्रश्न आला: एवढे महिने तुमच्या रानात चाललंय आणि तुम्हाला कसं कळलं नाही? तिचं उत्तर खरं होतं, तरी ते सांगताना तिचाच आवाज तिला खोटा वाटला.

गावात निराळंच झालं. फुलाबाईनं दिराला वरनं धरून दिलं, असं लोक म्हणू लागले. गुंठ्याएवढा ठिपका दिसतो, माणूस दिसत नाही, हे तिनं परोपरीनं सांगितलं, पण कुणी ऐकलं नाही. तिघाचौघांनी केंद्रातून आपली नावं काढून घेतली. त्यांच्या फडावरून जाता-येता फुलाबाईची नजर आपसूक आत जायची, यांनी का काढून घेतलं असेल म्हणून. ही सवय लागल्याचं तिला आवडत नव्हतं, पण ती सुटतही नव्हती.

ऊसतोड सुरू झाली त्या सकाळी प्रयागबाई बांध ओलांडून आली. अजितला नेल्यापासून ती पहिल्यांदाच या बाजूला आली होती. तिकडं कोयत्यांचे आवाज चालू होते.

"आक्का, तुमाला आधीपासून म्हाईत व्हतं का?"

"न्हाय. त्यांच्याच बोलण्यानं मनात आलं."

प्रयागबाई उभीच राहिली. "मला म्हाईत व्हतं का, ते तुमी इचारलं न्हाय."

"न्हाय इचारलं."

"का?"

फुलाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. वीस वर्षं एका चुलीवर जेवलेली ही बाई. "तू काय बी सांगितलंस तरी माझा इस्वास बसंल का, ते मलाच ठाव न्हाय," ती म्हणाली.

प्रयागबाईनं मान हलवली, रागावली नाही. मग तिनं विचारलं, "आता तोडीमागनं फुटणाऱ्या खोडव्याला पाणी कुणी द्यायचं? दोन्ही रानाची मोटर एकच हाय."

"दोघींनी," फुलाबाई म्हणाली. "एकटीनं कुणी जायचं न्हाय. तू बी न्हाय, मी बी न्हाय."

"बरं," प्रयागबाई म्हणाली, आणि दोघी तोडकऱ्यांना पाणी द्यायला निघाल्या.