जिताडा उरत नसे

गुलाम हुसेन वारल्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांच्या घरी पाला मासा उरू लागला. जिताडा उरत नसे, बोईट उरत नसे, कोळंबीचं तर भांडंसुद्धा भाकरीनं पुसलं जाई. उरे तो पाला. आणि त्या घरात सर्वांत लाडका मासा पालाच होता.

सून बिल्किसनं टोपावरचं झाकण उचललं, कालवण हुंगलं आणि मागच्या दारी जाऊन तुकडा मांजरापुढे टाकला. मांजर आधीच येऊन बसलं होतं. शनिवारी इथं काय मिळतं, हे त्याला पाठ झालं होतं.

"त्या मांजराला आता आपल्या रेशनकार्डावर घे," मागून तिचा नवरा नूरुद्दीन म्हणाला. तो कारखान्यात निघाला होता. शुक्रवारची सुट्टी संपली होती आणि गल्लीतले कापडाचे लूम पुन्हा खडखडू लागले होते. "बावा बाजार करायचे तेव्हा या घरातून एक शीत बाहेर जात नव्हतं."

"भात उरतो का? भाकरी उरते का?"

"पाला उरतो. अन्नाची अशी नासाडी मला बघवत नाही, बिल्किस. येत्या शुक्रवारीही उरला, तर पाला या घरात येणं बंद."

दाराशी लसूण सोलत बसलेल्या सासूचा, जुबैदाचा हात थांबला. मग तो पुन्हा चालू लागला.

बाजाराची पिशवी बिल्किसकडे आली ती सासऱ्यांच्या चाळिसाव्यानंतर. ती कल्याणच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलेली. सासूनं पिशवी हातात दिली तेव्हा तिनं ती एखादी जोखमीची वस्तू घ्यावी तशी घेतली. सकाळी चहाच्या वेळीच ती विचारून घेई, दुपारी कोण जेवायला आहे, कोणाचा डबा कारखान्यात जाणार, कोण लग्नाच्या दावतीला जाणार. आणि मगच भाजीला हात लावी. कालच्या भाताच्या आज तव्यावर भाकऱ्या होत. नव्या फ्रिजवर तिचा विश्वास नव्हता, कारण वीज कधी जाईल हे फ्रिजला ठाऊक नसतं. त्यामुळे लागेल तेवढंच आणायचं आणि आणलेलं त्याच दिवशी संपवायचं, हा तिचा नियम झाला होता. पाल्यानं तेवढा तो मोडला होता.

आधी तिनं सरळ कारण धरलं. घरात खाणारं एक माणूस कमी झालं, मासा मात्र पूर्वीएवढाच येत राहिला. म्हणून तिनं लहान पाला घेतला. त्या दिवशी नूरुद्दीन अर्धपोटी उठला, नणंद शकिलानं कालवणातच भाकरी बुडवून वेळ मारून नेली, आणि टोपात तुकडा उरला तो उरलाच. मासा लहान केला, तरी उरलेला भाग लहान झाला नाही. बिल्किसला ही गोष्ट मासा वाया जाण्याहून अधिक खटकली.

"तुम्ही उगीच डोकं शिणवता, भाभी," शकिला म्हणाली. "अम्मी बावांचा वाटा काढून ठेवते. असलं काही तुमच्या सायन्समध्ये बसत नाही."

"मग जिताड्यात बावांचा वाटा का नसतो?"

"बावांना पाला आवडायचा."

"त्यांना जिताड्याचं डोकं त्याहून आवडायचं. परवा ते तू खाल्लंस."

शकिलानं ओढणी सारखी केली आणि विषय सोडला.

शुक्रवारी सकाळी गोदूबाई पाटी घेऊन आली. ती कशेळीची, तिचा नवरा खाडीत जाळं टाकी. श्रावणात तिची अर्धी गिऱ्हाइकं मासळी सोडत, म्हणून ती कोणाच्या ओट्यावर न थांबता थेट या मोहल्ल्यात येई. जुबैदानं पाटीवर हात फिरवला, एका पाल्याच्या पोटात अंगठा रुतवून पाहिला, मग मासा नाकाशी नेला.

"आवो बाय, डोलं बगायचं सोडून नाकानं कवापासून मासा घ्याला लागलीस? बग की, कसं आरशावानी हाय! बरफाचा न्हाय त्यो, खारीतला ताजा हाय."

"तुझ्या तोंडाचा भरवसा नाही, गोदू. माझं नाक मला फसवत नाही."

"नाक न्हाय फसवत, पन मालकीन फसवते. गेल्या टायमाला लहान पाला घेतलान सूनबाईनं. चारचौघांत सांगू नुको हां, गुलामशेठच्या घरात लहान पाला जातो म्हनून!"

जुबैदा हसली. बिल्किस हसली नाही. ती सासूच्या अंगठ्याकडे पाहत होती.

ती सकाळ तिनं पाला आणि जिताडा या दोन माशांमधला फरक मांडण्यात घालवली. चरबी जास्त, वास उग्र, अंड्यांची गाबोळी मोठी. पण यातल्या एकाही कारणानं मासा टोपात राहून जात नाही. उरला काटा. जिताड्याचा काटा दोरीएवढा, बोटाला आपोआप लागतो. पाल्याचा काटा केसासारखा आणि टोकाला दुभंगलेला. तो शोधावा लागतो, आणि शोधायला उजेड लागतो. जुबैदा सगळ्यांना वाढून झाल्यावर, सगळ्यांच्या मागून, स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात एकटी जेवे. नवरा असताना तसं नव्हतं. त्या घरात जुन्या पिढीतले नवराबायको एका थोरल्या ताटात जेवत, आणि गुलाम हुसेन शेवटपर्यंत बायकोच्याच ताटात जेवले.

लूम बंद होते. जुम्म्याची नमाज आटोपून नूरुद्दीन जेवला, शकिला जेवली. बिल्किसनं सासूच्या वाट्याचा तुकडा आधीच वेगळ्या ताटलीत घेऊन खिडकीपाशी काट्यांतून सोडवला होता. कालवणाला लागला नव्हता एवढा वेळ त्या एका तुकड्याला लागला. सोडवलेल्या माशाची लहानशी रास तिनं भाताच्या कडेला ठेवली आणि ताट घेऊन सासूसमोर बसली.

"तू आधी जेव, मी बसते मग," जुबैदा म्हणाली.

"आज एकाच ताटात जेवू, अम्मी."

जुबैदाचा हात भातावरून सरकत राशीपाशी आला आणि थबकला. तिनं एक चिमूट उचलली, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चुरडली, पुन्हा चुरडली. मग घास घेतला. त्यानंतर तिनं मान वर केली नाही. रास संपली, आणि तरी तिची बोटं ताटाच्या त्या कडेला थोडा वेळ फिरत राहिली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही." बिल्किसनं ताटलीतला एक काटा उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "अम्मी, माझ्या हातात काय आहे?"

जुबैदानं बराच वेळ पाहिलं.

"हात आहे," ती म्हणाली. "दिसतो. हातात काय असणार?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. लूम बंद असले की असले आवाज ऐकू येत.

"सगळं धुरकट झालंय गं. ते होते तेव्हापासूनच. बोलत बोलत काटे काढायचे आणि मासा माझ्याकडं सरकवायचे. तुम्हां पोरांना वाटायचं, बावा गप्पा हाकतायत. डॉक्टर डोळा कापतो म्हणे, मला भ्या वाटायचं. ते म्हणायचे, बोटांनी भागतंय तोवर भागवू."

"आणि नंतर? आम्हांला का नाही सांगितलं?"

"नूरनं पाला बंद केला असता. आई काट्यानं मरायची म्हणून." तिनं पदराला हात पुसले. "निदान घरात शिजायचा. वास तरी यायचा."

संध्याकाळी नूरुद्दीननं स्वतः टोपाचं झाकण उचललं. तळाला कालवणाचा लाल ओघळ तेवढा होता.

"संपला की!" तो म्हणाला. "बघ, बाजार नीट केला की उरत नाही."

थंडीत ठाण्याला जुबैदाच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पुढच्या थंडीत दुसऱ्याचा. नंतर ती काटे स्वतः काढू लागली. बाजूला बसलेल्या शकिलाच्या वाट्याचेही काढून देऊ लागली, शकिलानं कितीही कुरकुर केली तरी. काही वर्षांनी गोदूबाईच्या पाटीतून पाला दिसेनासा झाला, आणि मग गोदूबाईही. कशेळीला खाडीच्या कडेनं गोदामं उभी राहिली.

नूरुद्दीन मात्र पाहुण्यांना ती गोष्ट आपल्या परीनं सांगत राही: बायको शिकलेली, तिनं हिशेबानं बाजार केला आणि घरातली नासाडी थांबवली. बिल्किस दर वेळी त्याला मध्येच थांबवी. बाजार आधीही बरोबरच होता, ती म्हणे. अम्मींना काटा दिसत नव्हता, आणि तो काढून देणारे बावा गेले होते. म्हणून पाला उरत होता.