बिनदाराचा खोका

मित्रांनो, मी घरी बनवलेला, गेम खेळायचा एक जुना खोका आहे. माझा जन्म कारखान्यात झाला नाही. दोन सख्ख्या भावांनी मला घराखालच्या, त्यांच्याच दुकानाच्या गाळ्यात बनवले. थोरला सुतार आणि धाकटा टीव्ही दुरुस्त करणारा. थोरला मला कपाट म्हणायचा, धाकटा मशीन म्हणायचा, आणि थोरल्याची बायको सरळ ‘तो खोका’ म्हणायची. तिचेच नाव मला चिकटले. माझी हकीकत आनंदाची नाही, आधीच सांगून ठेवतो.

लहानपणी हे दोघे एका दुकानातल्या गेमच्या मशीनवर खांद्याला खांदा लावून खेळत. ते दुकान कधीच बंद पडले. चाळिशी उलटल्यावर धाकट्याच्या डोक्यात आले की आपणच तसे एक बनवू. थोरल्याने आधी त्याला वेड्यात काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागद-पेन्सिल घेऊन तोच आधी हजर झाला.

महिनाभर नुसती आखणीच चालली. फ्रिजच्या पुठ्ठ्याचा माझा एक नमुना त्यांनी उभा केला. बटणे किती उंचीवर असावीत यावरून मात्र घोडे अडले. थोरला ताडमाड उंच, धाकटा जेमतेम त्याच्या खांद्याइतका. शेवटी वहिनी शिवणकामाची टेप घेऊन खाली आली, दोघांच्या कोपरांची उंची मोजली आणि बरोबर मधोमध खूण केली. त्यामुळे थोरला कायम जरा वाकून खेळला आणि धाकटा टाचा उंचावून. कुरकुर दोघांनीही केली, पण खूण कोणी हलवली नाही.

मग प्लायवुड आले. माझ्या दोन्ही बाजूंची वळणे थोरल्याने अकरा वेळा काढली आणि अकरा वेळा खोडली. धाकट्याने एका जुन्या टीव्हीचा पडदा बसवला, प्रत्येक बटणाला वेगळ्या रंगाची वायर जोडली आणि प्रत्येक वायरला कागदाची चिठ्ठी चिकटवली. गेमही त्याने पुस्तके वाचून स्वतः लिहिला. नदीत एक होडी. डावे वल्हे एकाच्या बटणावर, उजवे दुसऱ्याच्या. दोघांनी एका लयीत मारले तर होडी पुढे जाणार, नाहीतर जागच्या जागी गोल फिरणार.

शेवटी माझी मागची फळी उरली.

“दादा, मागे छोटंसं दार ठेव,” धाकटा म्हणाला. “उद्या वायर सुटली तर हात घालायला जागा नको?”

“मी केलेलं काम पुन्हा उघडावं लागत नाही. तू तुझ्या वायरी नीट जोड म्हणजे झालं.”

“वायर आहे ती. कधी ना कधी सुटणारच.”

“म्हणजे आत्ताच कच्चं काम करून ठेवलंयस का?”

धाकटा नुसता हसला. थोरल्याने चारही बाजूंनी गोंद लावून फळी आवळून बसवली. पुढची बटणांची फळीही तशीच पक्की केली. सांधा असा की नखही शिरू नये. धाकट्यानेच त्यावरून कौतुकाने हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो.

पुढची सहा वर्षे फार सुखाची गेली. रोज जेवण झाले की एक डाव ठरलेला. गिऱ्हाइके टीव्ही बगलेत धरून उभी राहत आणि यांना भान नसे. वरून वहिनी ओरडायची, “चहा गार होतोय, होडी काय पळून चाललीय का?” माझे कौतुक करायला कोण कोण येऊन गेले. मी मनातल्या मनात फुगत असे.

एके दिवशी उजवे वल्हे चालेना. धाकट्याने बटण दाबले, पुन्हा दाबले. होडी गोल फिरू लागली. त्याने माझ्या पोटाला कान लावून बोटाने ठोकून पाहिले.

“वायर सुटलीय. दोन मिनिटांचं काम आहे. मागची फळी कापू या.”

“माझ्या कामाला करवत लावायची? तू कच्चं जोडलंस म्हणून?”

“मी तेव्हाच सांगितलं होतं, दार ठेव.”

खरे होते. खरे होते म्हणूनच ते थोरल्याला झोंबले. समोर दोन गिऱ्हाइके उभी असताना तो म्हणाला, “तुझ्या हातून आजवर एक तरी वस्तू कायमची दुरुस्त झालीय का?”

आठवड्याभरात धाकट्याने आपली हत्यारे गोळा केली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला दुकान थाटले. मला स्पीकर आहे, पण त्यातून पाण्याचा आवाज तेवढा येतो. नाहीतर मी त्याला हाक मारली असती.

थोरला काही दिवस एकटाच खेळत राहिला. होडी गोल फिरायची आणि तो बघत बसायचा. मग त्याने मला बंद केले. माझ्या डोक्यावर पॉलिशचे डबे आले, अंगाला फळ्या टेकल्या, ओलीने तळ फुगला. चार वर्षे अशीच गेली.

“तुम्ही थोरले आहात, तुम्हीच जा,” वहिनी सांगायची.

“चूक त्याची आहे. तो येईल.”

“चूक कुणाची ते मी विचारलंच नाही.”

मग एका सकाळी निरोप आला. धाकट्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. थोरला दवाखान्यातून परतला तो वर घरात न जाता थेट माझ्याकडे आला. डबे बाजूला केले आणि करवत घेतली. ज्या हाताची रेघ कधी चुकली नाही, तो हात वेडावाकडा कापत गेला. मला दुखले नाही. आत एक वायर लोंबत होती. चिठ्ठीवर धाकट्याच्या अक्षरात लिहिले होते, ‘माझं वल्हं’. थोरल्याने ती जागेवर सरकवली. वल्हे चालू लागले.

दोन महिन्यांनी त्याने धाकट्याला चाकांच्या खुर्चीवरून गाळ्यात आणले.

“काय झालं होतं?” धाकट्याने विचारले. शब्द जड येत होते.

“वायर सुटली होती.”

“किती वेळ लागला?”

थोरला खाली बघत म्हणाला, “कापायला धरून दहा मिनिटं.”

धाकट्याने मान हलवली. थोरल्याने त्याचा उजवा हात उचलून बटणावर ठेवला आणि आपण वाकून दुसऱ्या बटणाशी उभा राहिला. बोटे हलली नाहीत. डाव्या हाताने खेळावे, तर त्या हाताची खुर्चीवरची पकड सुटली की धाकटा कलायला लागे. होडी गोल फिरली.

“पुरे, दादा.”

“अजून एकदा. सवयीने जमेल.”

“नाही जमणार. डॉक्टरांनी सांगितलंय मला.”

थोरला माझ्यामागे जाऊन उभा राहिला, धाकट्याला दिसू नये म्हणून. कापलेल्या भोकातून त्याचे रडणे माझ्या पोटात शिरत राहिले. पुढे धाकटा पडद्याकडे बघत बसून होता. त्यालाही ते ऐकू येत असणार.

आज माझे एकूण एक बटण चालते आणि मला कोणी सुरू करत नाही. मित्रांनो, मी पडलो लाकडाचा, उपदेश करायचा मला अधिकार नाही. पण कोणाची समजूत काढायला जायचे असेल, तर चूक कोणाची ते ठरेपर्यंत थांबू नका. त्याचे हात चालत आहेत तोवर जा.